फेडून झालेला नवस

चैत्रातल्या एका शुक्रवारी सुनीतीने अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा नवस फेडला. अंबाजोगाई राहिली कुठल्या कुठे, पण देवी काय, जिथे पाट मांडाल तिथे येते. चेन्नईतल्या अंबत्तूरच्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये पहाटेपासून पुरण शिजत होतं. मिक्सरला हात लावायचा नाही, पुरण यंत्रातूनच काढायचं, हा तिचा हट्ट. ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात अजून नीट वर जात नव्हता, म्हणून यंत्राची मूठ फिरवायला तिने उमाकांतला बसवलं. उमाकांत शेजारच्या आवडी गावातल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात सुपरवायझर. लोखंडाची सवय असलेला माणूस, पण त्या दिवशी त्याला ती मूठ फिरेना.

"अहो, जोर लावा जरा. जेवलात ना काल?" ती म्हणाली.

"लावतोय," तो म्हणाला, आणि खाली मान घालून फिरवत राहिला.

आदल्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, केमो झाली, मग रेडिएशनचा शेक झाला. डोक्यावरचा केस न् केस गेला. त्या दिवसांत तिने देवीपुढे पदर पसरला होता: आई, हे एवढं उरकू दे, मी पाच सवाष्णी जेवू घालीन, तुझी ओटी भरीन. आणि फाल्गुनात उमाकांत डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आला नि म्हणाला, "झाला गं कोर्स पूर्ण. आता केमो नाही." तिने तिथेच खुर्चीवर बसल्या बसल्या हात जोडले. आणखी काही विचारलं नाही. डॉक्टरांशी बोलायचं ते उमाकांतनेच, ही रीत पहिल्या दिवसापासून पडून गेली होती. पेशंटला बाहेर बसवायचं, बरोबरच्या माणसाला आत बोलवायचं. फाइलही तोच सांभाळायचा. घरात डोळ्यांसमोर आजाराची फाइल नको, असं तो म्हणाला तेव्हा तिला बरंच वाटलं होतं.

तर त्या शुक्रवारी पाच सवाष्णी जेवल्या. बँकेतली नीलम, जी सुनीतीची चेन्नईतली पहिली मैत्रीण, ती होती. महाराष्ट्र मंडळातल्या आणखी तिघी होत्या. आणि मुलगा अमोघ याचं लग्न जिच्याशी ठरत होतं, त्या कीर्तनाची आई कनका होती. नीलमने तर दुसऱ्यांदा पोळी मागून घेतली. तूप ओतून घेत म्हणाली, "देवी पावली हो सुनीती." सुनीतीने सगळ्यांच्या ओट्या भरल्या, सगळ्यांच्या पाया पडली. नव्याने उगवलेले कुरळे केस कपाळावर येत होते, ते मागे सारत ती हसत होती.

नंतरचे महिने तिला फार सुखाचे गेले, हे सांगायलाच हवं. बंद पडलेली हिंदीची शिकवणी तिने परत सुरू केली. चेन्नईत आल्यापासून ती आजूबाजूच्या तमिळ मुलांना हिंदीच्या परीक्षांना बसवायची. आता मुलं परत दारात चपलांचा ढीग घालून बसू लागली. "फेब्रुवारीच्या परीक्षेला सगळ्यांना बसवणार," असं तिने आयांना सांगून टाकलं. थकवा यायचा, जेवण जायचं नाही, उजव्या बरगडीखाली काहीतरी जड वाटायचं. उमाकांत म्हणायचा, केमोचा अशक्तपणा आहे, वर्षभर राहतो. आणि घरात कुणी तिला उलट बोलत नव्हतं. अमोघ ऑफिसातून आला की पायाशी येऊन बसे. उमाकांत रोज मल्लिगैचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा आणी. सव्वीस वर्षांच्या संसारात ज्याने मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलं होतं, तो आता खारट आमटीही गुपचूप खात होता. देवीने आजार नेला तो नेला, जाताना नवऱ्याचा तापट स्वभावही नेला, असं ती नीलमला हसत हसत सांगायची. नीलम दुसरंच काही बोलायला लागे.

लग्नाची तारीख मात्र तिला खटकली होती. श्रावण म्हणजे चातुर्मास. शिवाय इकडच्या लोकांची तेव्हा आडी चालू. आडी महिन्यात इथे कुणी लग्न करत नाही, हॉल ओस पडलेले असतात.

"चातुर्मासात कसलं लग्न?" ती म्हणाली होती.

"आपत्कालातले मुहूर्त असतात की," उमाकांत म्हणाला. "गुरुजींनीच काढून दिलाय. कीर्तनाला सप्टेंबरात कंपनी जर्मनीला पाठवतेय. नंतर कोण थांबणार?"

"आणि तिच्या आईबाबांना चालतं? आडीत?"

"तयार आहेत ते."

तयार आहेत म्हटल्यावर ती गप्प बसली. मुलीकडच्यांना चालतंय तर आपण कशाला खोडा घाला.

कनका आणि तिचे यजमान पद्मनाभ हे तंजावरकडचे मराठी. कित्येक पिढ्या इकडे गेलेल्या, पण घरात मराठीच. ती मराठी जुन्या पोथीतल्यासारखी, तिला तमिळचा हेल. त्यांच्यात लग्नाआधी घरच्या अहेव गेलेल्या बायकांची प्रार्थना करतात. म्हणजे ज्या बायका नवऱ्याच्या आधी, कुंकवासकट गेल्या, त्यांना आठवायचं, त्यांच्या नावाने सवाष्णी जेवू घालायच्या आणि मुलीला आशीर्वाद मागायचा. आषाढातल्या एका रविवारी पश्चिम मांबळमला कनकाच्या घरी ते होतं. विहीण म्हणून सुनीतीला पहिलं बोलावणं. नीलमलाही बोलावलं होतं. दोघी कॅबने गेल्या.

तिथलं सगळं सुनीतीला आवडलं. कनका नऊवारी नेसली होती. तिने सवाष्णींच्या पायांना हळद लावली, पाय धुतले, पुसले. केळीची पानं मांडली. प्रत्येकीला विड्याबरोबर ब्लाउजपीस दिला. सुनीतीला मात्र अख्खी साडी दिली, हिरवी, बारीक काठाची.

"अहो विहीणबाई, मला एकटीलाच साडी? बाकीच्या काय म्हणतील!"

"तुमचा मान वेगळा अहे," कनका म्हणाली, आणि कीर्तनाला पुढे ओढलं. "ये गे. वाकूनु नमस्कार कर. विहीणबाई, लेकराच्या डोक्यावर हात ठेवा. चार गल्ल्या शोधलं तरी असा हात मिळणार नाही. अहेव जाणारीचा हात."

सुनीतीचा हात कीर्तनाच्या केसांवर टेकलेलाच होता. ती हसली. "सगळ्याच जणी अहेव जावोत हो. देवीच्या मनात येईल तेव्हा."

"देवीने मनांत घेतलेंच अहे की." कनकाचे डोळे भरून आले होते, पण ती भक्तीने बोलत होती, एखाद्या देवळात उभी असल्यासारखी. "उमाकांत भावजींनी सांगिटलं तेव्हा माझं काळीज फाटलं. मग म्हणटलं, हेवढं भाग्य कुणाला? दिवाळी दिसेल न दिसेल, पण लेकाचं लग्न बघूनु, कुंकवासकट..."

"अम्मा! पोदुम मा!" कीर्तना ओरडली. पुरे, आई.

कनकाने एकदा मुलीकडे बघितलं, एकदा सुनीतीच्या तोंडाकडे. "अय्यो. विहीणबाई, तुम्हाला कुणी सांगिटलं नव्हतं? अमच्यांत जाणाऱ्या बाईला सांगतात हो. मला वाटलं..."

सुनीतीने हात लगेच काढला नाही. त्या पोरीचा काय दोष, असं तिच्या मनात आलं, आणि तिने केसांवरून हात फिरवला. म्हणाली, "सुखी राहा." मग पानावर बसली. सवाष्णीने पानावरून उठायचं नसतं, घरच्या मुलीला ते चांगलं नसतं. वाढलेलं सगळं तिने खाल्लं. पापडासारखं आप्पलम खाल्लं, पायसम खाल्लं. चव कसलीच लागली नाही. कनका समोर उभी राहून वाढत होती आणि हुंदके देत होती, पण सुनीतीने तिच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

परतीची कॅब अण्णा नगरला पोहोचली होती.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?" सुनीतीने विचारलं.

नीलम खिडकीकडे बघत होती. "फाल्गुनात. उमाकांतरावांनी शपथ घातली होती गं."

"म्हणजे पुरणपोळीच्या आधी."

"सुनीती..."

"दुसरी पोळी मागून घेतलीस. देवी पावली म्हणालीस."

"मग काय म्हणायचं होतं मी? तू एवढी आनंदात होतीस! तुझ्या तोंडावरचं ते..." नीलमला रडू फुटलं. "मी घरी जाऊन ओकले त्या दिवशी. खरंच सांगते."

"बाकीच्या तिघींना?"

नीलमने मान हलवली. सगळ्यांना ठाऊक होतं. जेवायला बसलेल्या पाचही जणींना. एकटी वाढणारी तेवढी आंधळी होती.

घरी उमाकांत टीव्हीसमोर पेपर घेऊन बसला होता. तिने साडीचं पुडकं त्याच्या मांडीवर ठेवलं.

"कनकाबाईंनी दिली. मी कुंकवासकट जाणार म्हणून."

त्याने पेपर बाजूला ठेवला.

"अहो, बोला. आता तरी मला सांगा. काय आहे?"

"लिव्हरमध्ये आहे," तो म्हणाला. "फाल्गुनातच कळलं. स्कॅनमध्ये."

"आणि कोर्स पूर्ण झाला म्हणालात."

"तुला त्या केमोने अर्धं केलं होतं, सुनीती. तू बाथरूमच्या फरशीवर बसून म्हणाली होतीस, आता पुरे, मेले तरी चालेल. मला वाटलं, जे दिवस आहेत ते तरी हसत..."

"ते मी रागात म्हटलं होतं. रागात बायका काय काय म्हणतात! तुम्ही तेवढंच बरं लक्षात ठेवलंत?"

तो साडीचं पुडकं उलटंपालटं करत बसला.

"मी नवस फेडते म्हटलं तेव्हा का नाही अडवलंत?"

"जीभ रेटली नाही."

"पुरणयंत्राची मूठ मात्र रेटली."

ती त्याच्यासमोर खाली बसली. तिला ओरडायचं होतं, पण आवाज चढेना. ती अगदी साधं बोलत होती, शिकवणीतल्या मुलाला समजावल्यासारखं, आणि उमाकांतला तेच सहन होत नव्हतं. "मला माणसांचं एक वेळ चालेल. माणसं खोटं बोलतात. पण तुम्ही मला देवीसमोर खोटं बोलायला लावलंत. न दिलेल्या दानाबद्दल मी तिचे आभार मानले, ओटी भरली, पाया पडले. तिला काय वाटलं असेल? आता मी कुठल्या तोंडाने तिच्याकडे काही मागू? नवस फेडून टाकला की माझा."

"देवीला कळतं सगळं," तो पुटपुटला.

"तिला कळतं हो. मलाच कळत नव्हतं तेवढं."

त्या संध्याकाळी तिने देवापाशी दिवा लावला, पण रोजचं स्तोत्र म्हणता म्हणता मध्येच थांबली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तेवढी वर्षं ती शेवटी एकच मागत आली होती: आई, अहेवपणी मरण दे. आईने शिकवलेलं, आजीने आईला शिकवलेलं. हळदीकुंकवाला, वटपौर्णिमेला, येता जाता जिभेवर असलेलं. मागताना कधी त्यातल्या मरणाकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं, कुंकवाकडेच असायचं. त्या दिवशी तिने ते मागितलं नाही. नुसते हात जोडले आणि उठली.

मंगळवारी ती एकटी हॉस्पिटलात गेली. उमाकांतने रजा टाकली होती, चपला घालून तयार होता. "तुम्ही कामावर जा," तिने सांगितलं, आणि फाइल मात्र त्याच्याकडून मागून घेतली.

डॉक्टर रंजनी तिला बघून गोंधळल्याच. "सार वरलैया?" साहेब नाही आले?

"इल्लै," सुनीती म्हणाली. भाजीवाल्याशी, शिकवणीतल्या आयांशी ती सव्वीस वर्षं तमिळ बोलत आली होती. या खोलीत मात्र आजवर तिला कुणी बोलायला लावलं नव्हतं. "मला सगळं सांगा. घाई नाही मला."

डॉक्टरांनी सांगितलं. लिव्हरमध्ये गाठी आहेत. त्या जाणार नाहीत. उपचार केले तर काही महिने वाढतील, वर्ष मिळेल, एखादीला त्याहून जास्त मिळतं. नेमकं कुणीच सांगू शकत नाही.

"कसले उपचार?"

डॉक्टर फाइल चाळायच्या थांबल्या. "दुसरं औषध. मार्चमध्येच मी सुचवलं होतं. तुमचे मिस्टर म्हणाले, तुम्हाला नको आहे. घरी बोलणं झालंय म्हणाले."

सुनीतीने टेबलाची कड धरली. आतापर्यंत तिला वाटत होतं, तिच्यापासून फक्त बातमी लपवली. बातमी लपवणं तिला समजत होतं. तिच्या वडिलांचं दुखणंही आईने असंच लपवलं होतं, आणि तेव्हा पान वाढताना तीही त्यांच्याशी हसून बोलली होती. पण हे निराळं होतं. तिला विचारलेला प्रश्न दुसऱ्यानेच घेतला होता, तिच्या नावाने उत्तर देऊन परत केला होता आणि मग रोज गजरा आणला होता.

"तुम्ही मला का नाही विचारलंत?" तिने डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर वयाने लहान होत्या, अमोघहून आठदहा वर्षांनी मोठ्या असतील. त्या म्हणाल्या, "इथे घरची माणसं विनवण्या करतात, अम्मा. पेशंटला सांगू नका म्हणून पाय धरतात." आणि मग फाइल मिटत, "मी विचारायला हवं होतं."

"अजून देता येतं का ते औषध?"

"येतं. मार्चमध्ये द्यायला हवं होतं. आता किती उपयोग होईल ते दोन तीन वेळा दिल्यावर कळेल. केस परत जातील. अशक्तपणा येईल."

"लगेच सुरू करा," सुनीती म्हणाली.

संध्याकाळी अमोघही लवकर आला. बापाने फोन केला असणार. तिने दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं. औषधाचं नाव काढताच उमाकांतने तोंड झाकून घेतलं. मग त्याने विचारलं ते हे:

"मग लग्नाचं? त्याच दिवसांत तुला..."

"हेच आधी आलं ना तोंडात?"

"तसं नाही गं."

"लग्न मार्गशीर्षात होईल. चांगल्या महिन्यात, चारचौघांसारखं. जर्मनीहून येता येतं कीर्तनाला. मी कनकाबाईंशी बोलते."

"आई, पण..." अमोघ म्हणाला आणि अडला.

"बोल. मी तोवर नसले तर? तर वर्ष धरावं लागतं, वर्षभर घरात मंगलकार्य होत नाही, म्हणून आडीतली धावपळ. होय ना?"

"तू बघावंस म्हणून, आई! देवाशप्पथ!"

"ते असेल. पण वर्षाचाही हिशेब होता की नव्हता, तेवढं सांग."

अमोघ खरं बोलणारा मुलगा होता, निदान तिने तसा वाढवला होता. तो खाली बघत म्हणाला, "बोलणं झालं होतं तसं."

"मग ऐक. मी गेले तर माझं वर्ष धरू नका. मीच सांगतेय, म्हणजे दोष लागायचा तो मला लागेल. झाली अडचण दूर? आता मला घाई नको."

अमोघला आवरेना. उठून उभा राहिला आणि तिच्यावर ओरडला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "तुला आम्हाला शिक्षा करायचीय! तुझ्यासाठी रडलोय आम्ही इथे, तू झोपल्यावर, रोज! तारीख ढकलून तुला काय मिळणार?"

"तुम्ही रडलात ते मला मिळालं नाही रे," ती म्हणाली. "मलाही रडायचं असेल. मला वेळ कुणी दिला? मी हिंदीच्या परीक्षेला पोरं बसवत होते फेब्रुवारीच्या. तुम्ही मला बसवू दिलीत."

शिकवणीच्या आयांना तिने दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून खरं सांगितलं. त्यांतल्या एकीने शांतपणे विचारलं, जमेल तितके दिवस शिकवाल का. सुनीती हो म्हणाली. तिच्याशी सरळ बोललेली ती पहिली बाई.

औषध द्यायचं त्या सकाळी उमाकांत बरोबर आला. तिने नको म्हटलं नाही. पिशवी उचलायला, परत न्यायला माणूस लागतोच. डॉक्टर रंजनी फेरीवर आल्या तेव्हा तो सवयीने उठून उभा राहिला आणि पडद्याबाहेर जायला निघाला, आता आपल्याला बाजूला घेऊन सांगतील म्हणून. डॉक्टर जागच्या हलल्या नाहीत. स्टूल ओढून सुनीतीच्या उशाशी बसल्या आणि हलक्या आवाजात तिच्याशीच बोलल्या. आधीचे रिपोर्ट, आजचं औषध, काय दुखेल, काय बघायचं, सगळं. तिने दोन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर ऐकून तिने डोळे मिटले, मग उघडले आणि मान हलवली.

डॉक्टर गेल्यावर उमाकांत जवळ आला. सुईच्या हाताला धक्का लागू नये म्हणून दुसऱ्या बाजूने आला.

"काय म्हणाल्या गं?"

सलाइनचे थेंब पडायला लागले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"तुमची जुनी ओळख आहे त्यांच्याशी," सुनीती म्हणाली. "विचारा जाऊन."